समोर बसायची रीत

१८ एप्रिल, शनिवार. सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडते आहे. तीन किलो बेडगी, एक किलो संकेश्वरी आणि रंगापुरती पाव किलो काश्मिरी. दोन दिवस पत्र्यावर वाळत टाकल्या होत्या. आता मुठीत घेतल्या की वाळक्या पानांसारख्या वाजतात. मिरच्या माझ्या नाहीत. गिऱ्हाइकाच्या मिरच्यांचे देठ खुडून देणं हे डंकाच्या मालकिणीचं काम नव्हे. एकीला दिले की दुसरी मागते, आणि मग मे महिना संपेपर्यंत मला जेवायला सवड मिळणार नाही. तरीही बसले आहे. हातांना खोबरेल चोळलंय, नाकातोंडावर ओढणी बांधलीय, आणि पुढ्यातला ढीग अजून निम्माही झालेला नाही.

पनवेलच्या जुन्या बाजारात आमचा डंक आहे. डंक म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. लोखंडी उखळ्यांची एक रांग, त्यांच्यावर वरखाली होणाऱ्या मुसळ्या, आणि असा दणदणाट की शेजारी उभ्या माणसाशी खुणांनीच बोलावं लागतं. गिरणीत मसाला तापतो आणि त्याचा वास उडून जातो, डंकात कुटलेला वर्षभर टिकतो, असं माझे वडील सांगायचे. मीही तेच सांगते, कारण धंदा त्यावरच चालतो. होळी झाली की हंगाम सुरू, जून लागला की संपला. त्या दिवसांत आमच्या गल्लीत शिंकणाऱ्या माणसाला कोणी औषध सांगत नाही. पलीकडचा शिंपी मे महिन्यात दुकानाला पडदा लावतो आणि दरवर्षी मला ऐकवतो की तुमच्यामुळे माझं एक टोक वाकडं शिवलं जातं.

पूर्वी घराघरांच्या गच्चीवर मिरच्या वाळायच्या. आता सोसायट्यांमध्ये पाट्या लागल्यात, त्यामुळे बायका पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे चादर अंथरतात. डोक्यावरून विमानं जायला लागली आहेत. बाकी फारसं बदललेलं नाही. एक रीत तर अजिबात नाही: ज्याचा मसाला त्याने समोर बसायचं. उखळीच्या समोर लाकडी बाकडं आहे. बाई आपली मिरची, आपले धणे, दगडफूल, नागकेशर घेऊन येते, उखळीत पडताना बघते, कुटताना बघते, चाळताना बघते, आणि डबा मांडीवर घेऊनच उठते. आधीच्या बाईचा मसाला उखळीला राहिला तर? चाळणीतला भरडा कोणी बाजूला काढला तर? शेजारणी-शेजारणी आल्या तरी एकमेकींवर सोडून जात नाहीत. सख्ख्या बहिणी आल्या तरी नाहीत. यात कोणाला अपमान वाटत नाही. मला तर कधीच वाटला नाही. सव्वीस वर्षं मी डंक चालवते आहे, आणि या सव्वीस वर्षांत कोणी मसाला माझ्यावर टाकून गेलेलं नाही.

या मिरच्या मात्र टाकून गेल्यात.

कोरड्या मिरचीचा खकाणा नाकात गेला की मला दोन वर्षांमागचा उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे मी आठवत बसते असं नाही. कामं पुष्कळ असतात. पण देठ खुडताना हात कामात असतात आणि डोकं मोकळं, तेव्हा तो येतो.

त्या वर्षी मला माणूस हवं होतं. जुन्या कामवाल्या बाईंचे गुडघे गेले होते. माझी कॉलेजातली मैत्रीण मेधा तुरुंगातून सुटलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. ती म्हणाली, एक बाई आहे, कष्टाळू आहे, ठेवशील का. मी विचारलं, काय केलं होतं? मेधा लपवाछपवी करत नाही. उरणकडच्या एका गावातली ही सुनंदा. हिने जावेच्या कालवणात उंदीर मारायचं औषध घातलं होतं. जाऊ वाचली. सात वर्षं शिक्षा भोगून सुनंदा बाहेर आली होती आणि माहेरचं, सासरचं कोणीच तिला दारात उभं करत नव्हतं.

मला दया आली असं मी म्हणणार नाही. मी हिशोबी बाई आहे. मी विचार केला की चोरीत शिक्षा झालेली बाई मला चालली नसती, हिला चोरीची खोड नाही. आणि मसाल्याचं म्हणाल तर डंकावर सगळंच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होतं. मी हो म्हटलं. डंकामागची खोली दिली. खोलीत स्टोव्ह नको, मसाल्याची पोती आहेत, आग लागेल, असं सांगून तिला खानावळीचा दोन वेळचा डबा लावून दिला. याला मी सोय म्हणत होते.

सुनंदा माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली. उंच, हाडापेराने मोठी, चालताना जमिनीकडे बघणारी. पहिले आठ दिवस ती माझ्याशी फक्त "व्हय" आणि "नाय" एवढंच बोलली. मग एकदा एका बाईंच्या पिशवीतले धणे तिने तळहातावर घेतले, हुंगले आणि म्हणाली, हे कच्चे हायत. बाई चिडल्या. मी दोन दाणे चावून बघितले, तर खरंच कच्चे होते. त्या बाई घरी जाऊन पुन्हा भाजून घेऊन आल्या. तिथून सुरू झालं. खडा हिंग तळला नसेल तर तिला कळायचं. जायपत्री जास्त पडली की मान हलवायची. मे उजाडला तेव्हा बायका बाकड्यावर बसायच्या आधी तिच्यापुढे पिशव्या उघडायच्या आणि परीक्षेचा निकाल ऐकावा तशा उभ्या राहायच्या. हुशार बाई ती, हुंगताना डोळे मिटायची. तेवढ्या वेळापुरता तिचा चेहरा कोणा दुसऱ्याच बाईचा असायचा.

मंगळवारी वीज जायची. यंत्र थांबलं की कानात एक पोकळी होते आणि त्या पोकळीत माणूस नको ते बोलतं. एका मंगळवारी तिने स्वतःहून सांगितलं. नवरा गेला त्यानंतर जावेने हिला चुलीपाशी येऊ देणं बंद केलं. ताट वाढून मिळायचं, उंबऱ्याच्या बाहेर. तुझ्या हातचं नको, म्हणायची. दोन वर्षं असं चाललं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, म्हणजे तिनेही छळलंच की तुला. सुनंदा एकदम ताठ झाली.

"तसा नका बोलू ताई. औषध मीच घातला. कोनी सांगला नव्हता घालायला. ती अजून मऊ भातच खाते."

तुरुंगात सात वर्षं तिला गोधड्या शिवायला बसवलं होतं. गुन्हा असा, त्यामुळे स्वयंपाकघराच्या वाटेलाही जाऊ दिलं नाही. कणीक मळायलासुद्धा नाही. त्यात त्यांचं काय चुकलं, असं तीच म्हणाली.

मेधा महिन्यातून एकदा यायची. तिच्याकडे एक छापील कागद असायचा आणि ती मला विचारायची, काही तक्रार? मी म्हणायची, नाही. वेळेवर उठते, कामाला वाघ आहे, कोणाशी भांडण नाही, अजून काय पाहिजे? मग ती सुनंदाला घेऊन बाकड्यावर बसायची आणि विचारायची, तुला काय करावंसं वाटतं? मला ते जरा फाजील वाटायचं. आम्हाला कोणी कधी विचारलंय? वडिलांनी डंकाच्या किल्ल्या हातात दिल्या आणि मी यंत्र चालू केलं. लग्न राहून गेलं, तेही कोणी विचारून नव्हे. सुनंदाने मात्र उत्तर दिलं होतं. तिला दहा माणसांचा स्वयंपाक करायचा होता. रोज दहा माणसं पोटभर जेवली पाहिजेत, एवढंच. मी हसले. तिच्या तोंडावर नाही, पण हसले. कोण जेवणार, असं माझ्या मनात आलं, आणि मी तिला म्हटलं, आधी हे काम नीट कर.

जाताना मेधा मला दारात म्हणाली, "नुसतं वाईट वागत नाही म्हणून माणूस उभं राहत नाही गं. सकाळी उठावंसं वाटेल असं काहीतरी लागतं त्याला."

मी म्हटलं, सकाळी गिऱ्हाईक येतं, उठावंच लागतं.

मग एकदा गावाकडून कोणीतरी बाजारात आलं, त्याने सुनंदाला ओळखलं, आणि दोन दिवसांत गल्लीभर झालं. समोरच्या सोसायटीतल्या एक बाई डबा घेऊन आल्या. चार बायका बसलेल्या, यंत्र नुकतंच थांबलेलं. त्यांनी गोड आवाजात विचारलं, ताई, तुमच्याकडे मसाल्यात अजून काय काय घालून मिळतं? बाकड्यावरची एक फिसकन हसली. सुनंदा चाळणी धरून तशीच उभी.

मी म्हटलं, "समोर बसा आणि डोळे उघडे ठेवा. जमत नसेल तर स्टँडजवळ दुसरा डंक आहे, तिकडे जा."

त्या गेल्या. त्यांच्या मागून आणखी गेल्या. चार दिवस बाकडं जवळजवळ रिकामं होतं. पाचव्या दिवशी एक आली, मग दुसरी, आणि आठवड्याने पहिल्या बाईही आल्या, पिशवी उघडून सुनंदापुढे उभ्या राहिल्या. स्टँडजवळच्या डंकावर त्यांना कच्चे धणे कोणी सांगणार नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. वाटलं, भर बाजारात मी हिच्या बाजूने उभी राहिले, माझं कर्तव्य संपलं.

त्याच महिन्यात दोघीतिघी गिऱ्हाइकांनी सुनंदाला मसाला भाजून द्यायला सांगितलं. घरी धूर होतो, तुम्हीच भाजा, आम्ही येऊन बसतो. सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, इथे शेगडी ठेवता येणार नाही. शेगडी ठेवता आली असती. मागच्या बाजूला वडिलांच्या काळापासूनचा ओटा आहे.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे उखळ्या गरम पाण्याने धुतात, यंत्राला हार घालतात आणि कामाची माणसं मालकांबरोबर एकत्र जेवतात. वडील स्वतः वाढायचे. अलीकडे मी बाहेरून पुरीभाजी मागवत असे. त्या दिवशी मी मागवायच्या आतच सुनंदा डबा घेऊन उभी. बाजारात सुकी मासळी विकणारी हिराबाई कोळीण आहे, तिच्या घरी कोळीवाड्यात जाऊन पहाटे तिने सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या. नव्या मसाल्याचं होतं. तिने दोन ताटं घेतली, वाढलं, आणि एक माझ्यापुढे ठेवलं.

मला सोडे आवडतात. तिला ते माहीत होतं, मीच कधीतरी बोलले असणार. कालवणाला तो लाल तवंग आला होता, वास सुटला होता, मला भूक लागली होती.

मी म्हणाले, "मला आज उपास आहे."

"कसला?"

"संकष्टी."

भिंतीवर कॅलेंडर होतं. तिने त्याच्याकडे बघितलं. संकष्टी होऊन आठवडा झाला होता. संकष्टीला तीच मला खानावळीतून साबुदाणा आणून देऊन गेली होती. माझ्याही लक्षात आलं, पण बोललेलं बोलून झालं होतं. ती म्हणाली, बरं. मग ती माझ्यासमोर बसली आणि आधी तिचं ताट, मग माझं ताट, सगळं खाल्लं. घाई केली नाही. प्रत्येक घास नीट चावून. मी उठून जाऊ शकले असते, पण उठले नाही. मी बघत राहिले. खरं सांगायचं तर तिला काही होतंय का ते बघत राहिले, आणि ते तिला कळत होतं.

ताटं विसळून पालथी घालताना ती म्हणाली, "तुमी चांगल्या हाव ताई. पन तुमच्याकडं मी अजून आतच हाय."

चार दिवसांनी ती गेली. मेधाने नंतर सांगितलं की उरणजवळ द्रोणागिरीकडे गोदामांच्या भागात काम मिळालंय. मी पुढे विचारलं नाही. मेधालाही मग माझ्याकडे कागद घेऊन येण्याचं कारण उरलं नाही.

मी घाबरले ते चूक होतं का? अजूनही मला छातीठोक सांगता येत नाही. ज्या बाईला आयुष्यभर मऊ भात खावा लागतोय तिला जाऊन विचारलं तर ती म्हणेल, शहाणी निघालीस. तिचंही खोटं नाही. मी एवढंच बघते की दहा महिने आंघोळीच्या पाण्यापासून चपलेपर्यंत सगळं मी सुनंदाला पुरवलं, फक्त चूल दिली नाही. जावेनेही तेवढीच दिली नव्हती.

दहा महिने लिहिलं. मोजले तर तीन साडेतीनच भरतील. मला ते जास्त का वाटले याचं कारण उघड आहे, आणि ते मला फारसं लिहावंसं वाटत नाही. संध्याकाळी शटर ओढताना आतून कोणीतरी "कडी लागली का" विचारायचं. एवढंच. आता यंत्रावर एक माणूस ठेवलाय, तो कामाला बरा आहे, कानात वायरी घालून असतो. वीज गेली तरी काढत नाही. मंगळवारी मी आणि तो त्या शांततेत दोन टोकांना बसतो आणि मला गल्लीच्या पार टोकाच्या रिक्षांचे आवाज मोजता येतात. गेल्या हंगामात शेवटच्या दिवशी मी त्याला पुरीभाजीचं पाकीट दिलं. तो म्हणाला, घरी नेतो. मी माझं ओट्यावर उभ्याने खाल्लं. उखळ्या धुऊन झाल्या होत्या, सगळीकडे ओलं होतं, बसायला कोरडी जागा एकच होती, ते बाकडं. तिथे काही मी बसले नाही.

परवा हिराबाई आली. मोऱ्याच्या बंदरावर मासळी आणायला जाते, येताजाता तिचं सगळीकडे थांबणं असतं. तिने दोन पिशव्या ठेवल्या. एकीत या मिरच्या, दुसरीत खडा मसाला, प्रत्येक जिन्नस वेगळ्या फडक्यात बांधलेला. म्हणाली, सुनंदाचा हाय. गोदामांपाशी पत्र्याखाली डायवर लोकांना जेवू घालते, चांगली चाळीस पानं उठतात. माझ्या हातातली चाळणी खाली ठेवली गेली. मी विचारलं, मग कुटताना बसणार कोण? तू थांबतेस का?

हिराबाई म्हणाली, "मना कुठं येल हाय? ती बोलली, ताईंसमोर बसायची गरज नाय."

आणि ती गेली. एवढं बोलून, बस गाठायला.

दुपारी मी यंत्रावरच्या माणसाला बाजूला केलं आणि स्वतः कुटलं. फडकी एकेक सोडली. धणे असे भाजलेले की दाण्याला डाग नाही आणि आत कच्चेपण नाही. हाताच्या खोबरेलानेही तो वास लपत नव्हता. उखळी आधी दोनदा पुसून घेतली, चाळणी झटकली, भरडा तीनदा परत टाकला. समोर कोणी नव्हतं. कोणी समोर असतं तेव्हा मी इतकी काळजी घेते का, हा प्रश्न आला, त्याचं उत्तर मला आवडलं नाही. सव्वाचार किलोच्या आसपास मिरची आणि वर मसाला, सगळं स्टीलच्या डब्यात दाबून भरलं, वर हिंगाचा खडा ठेवला, झाकण फडक्याने बांधलं. हिराबाई सोमवारी नेणार आहे.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी मी शटरवर "आज बंद" लिहून लावलं. हंगामातला रविवार, शिंप्याने विचारलं, कोणी वारलं का. मी नाही म्हटलं आणि डबा उचलून स्टँडवर गेले. उरणची एसटी कंटेनरच्या रांगांमधून अडखळत गेली. गोदामांच्या कडेला पत्र्याची शेड होती, चार बाकं, एक मोठी चूल आणि सुनंदा. अंगाने भरलीय. कोपरापर्यंत हात पिठाने पांढरे. तिने मला बघितलं, डबा घेतला, फडकं सोडून हुंगला, डोळे मिटले, परत बांधला आणि फळीवर ठेवला. मग विचारलं, जेवाल? मी हो म्हटलं आणि ड्रायव्हरांच्या मधे जागा करून बसले. मला आधी ताट आलेलं बघून एक जण म्हणाला, मावशी, इथं रांग हाय बरं का.

"ती दोन वर्षांपासून रांगेतच हाय," सुनंदा म्हणाली.

गरम भाकरी होती आणि कांदा घालून केलेला जवळा. ती भाकरी थापत पाठमोरी राहिली. मी अर्धी भाकरी संपवली.

मग म्हणाले, "जवळ्यात मीठ जास्त झालंय."

तिने वळून बघितलं, पुढे आली, आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. "मग एक आनखी खा."

मी खाल्ली.